ॲप चढवण्याआधीची आवराआवर

एका पावसाळ्यात आईच्या बचत गटाची वही भिजली आणि हिशोब फोनवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गटात चौदा बायका. कोणी किती भरले, कोणाचं कर्ज किती बाकी, कोणाचा हप्ता थकला, एवढाच मामला. पण थकलेल्या हप्त्याची गोष्ट गल्लीत फुटली, की ती बाई पुढच्या बैठकीला तोंड दाखवत नाही. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच बरीच आवराआवर करावी लागली. तुमचं ॲप कशाचंही असो, ते प्ले स्टोअरवर चढवण्याआधी थोड्याफार फरकाने हीच तयारी लागेल.

सुरुवात स्वतःच्या फोनपासून. अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड आहे; कॅमेरा, माइक आणि लोकेशन कोणत्या ॲपने कधी वापरलं ते तिथे वेळेसकट दिसतं. मग एक्सोडस प्रायव्हसी या फ्रेंच संस्थेचं ॲप टाका आणि बाकीच्या ॲपांत कोणकोणते ट्रॅकर, म्हणजे वापरणाऱ्यावर पाळत ठेवणारे कोडचे तुकडे, बसलेत ते बघा. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या दुकानातूनही दोनचार ॲप घ्या. तिथे ॲप सगळ्यांना वाचता येणाऱ्या मूळ कोडवरून बांधली जातात, आणि पाळत किंवा जाहिराती असतील तर ‘अँटी-फीचर’ असा शिक्का बसतो. आपल्या ॲपवर असे किती शिक्के बसले असते, हे मनात मोजून ठेवा.

मग कागद घ्या. वहीत जेवढे रकाने होते तेवढे लिहा आणि प्रत्येकापुढे तो कशाला हवा ते लिहा. मी हौसेने मोबाईल नंबर, जन्मतारीख आणि आधारचे शेवटचे चार आकडे असे तीन रकाने वाढवले होते. कशाला, याचं उत्तर एकाही रकान्यापुढे लिहिता आलं नाही. वहीत नावं होती, तीही ‘वरची शांता’, ‘खालची शांता’ अशी. गटाचं त्याच्यावर वर्षानुवर्षं भागलं होतं.

परमिशनपाशी, म्हणजे फोनमधलं काय काय वापरायची परवानगी मागायची तिथे, मात्र घाई करू नका. फोटो हवा असेल तर पूर्ण गॅलरी मागायची गरज नसते. फोटो पिकर ही अँड्रॉइडची फोटो निवडायची तयार सोय वापरली की माणूस निवडेल तेवढाच फोटो ॲपच्या हाती येतो. कॉन्टॅक्टचंही तसंच, एक नंबर निवडून घेता येतो. लोकेशन लागलंच तर अंदाजे लोकेशनवर बहुतेकांचं काम होतं. खरी गोम इंटरनेटच्या परमिशनमध्ये आहे. ती वापरणाऱ्याला विचारलीच जात नाही, ॲप टाकताना बिनबोभाट मिळून जाते. मी ठरवलं, हिशोबाच्या ॲपला इंटरनेटच नको. सर्व्हर नाही, लॉगिन नाही. ‘तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे’ असं आश्वासन द्यायचीही गरज उरली नाही.

आणि तरीही फसलो. आलेख काढायला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेतली होती, तिने आपल्या मॅनिफेस्टमधून (ॲपच्या परमिशन जिथे लिहिलेल्या असतात ती फाईल) इंटरनेटची परमिशन गुपचूप आत आणली. बिल्ड करताना, म्हणजे कोडवरून ॲप बनवताना, सगळ्या लायब्रऱ्यांचे मॅनिफेस्ट एकत्र होतात, आणि आपल्या फाईलमध्ये नसलेली ओळ शेवटच्या ॲपमध्ये असू शकते. अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅनिफेस्ट उघडलं की खाली ‘मर्ज्ड मॅनिफेस्ट’ असा टॅब असतो. लायब्ररी वाढवली किंवा तिची आवृत्ती बदलली, की दर वेळी तो उघडून वाचायचा. नको ती परमिशन तिथे दिसली तर ‘ही काढून टाक’ असं आपल्या मॅनिफेस्टमध्ये स्पष्ट लिहिता येतं. मी शेवटी आलेखच काढून टाकले. बायकांना बेरीज हवी होती, रंगीत खांब मला हवे होते.

इंटरनेट नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. अँड्रॉइड ६ पासून सिस्टीम स्वतःच ॲपच्या डेटाचा बॅकअप गुगल खात्यावर घेते, ॲपमागे २५ एमबीपर्यंत, आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर तो चालूच असतो. म्हणजे नेटशिवायचं ॲप आणि त्याचा हिशोब क्लाऊडवर! तो बंद करता येतो. अँड्रॉइड १२ पासून क्लाऊडचे नियम वेगळे आणि जुन्या फोनवरून नव्यावर डेटा नेण्याचे वेगळे, दोन्ही पाहावे लागतात. पण बंद केलात तर फोन पाण्यात पडल्यावर काय, याचंही उत्तर तयार ठेवा. मी पासवर्ड लावलेली फाईल मेमरी कार्डवर काढायची सोय दिली. ती फाईल कोणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती आपल्या हातातून गेली, हेही ॲपमध्ये साध्या शब्दांत लिहिलं.

आता धोका कोणाकडून, ते. आम्हा डेव्हलपर मंडळींच्या डोक्यात कायम कुठला तरी हॅकर असतो. इथे फोन घरातल्या चारजणांच्या हातात फिरतो, त्यामुळे जपायचं ते जावेपासून, सुनेपासून, क्वचित नवऱ्यापासून. म्हणून ॲपला वेगळा पिन दिला, अलीकडच्या ॲपांच्या यादीत पडदा कोरा दिसेल अशी खूण (फ्लॅग) कोडमध्ये लावली, आणि लॉक स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनमधून रक्कम व नाव काढलं. तिथे फक्त ‘उद्या बैठक’ एवढंच येतं.

ॲप का कोसळलं ते कळवणाऱ्या क्रॅश रिपोर्टसाठी एखादी तयार सेवा जोडायचा मोह होईल. तो टाळता येतो. एसीआरए नावाची जुनी, मुक्त लायब्ररी आहे; ॲप कोसळलं की रिपोर्ट वापरणारीच्याच मेल ॲपमध्ये उघडता येतो. वाचून पाठवायचा की नाही, ते तिने ठरवायचं. लॉगमध्ये, म्हणजे ॲप चालताना लिहीत जातं त्या नोंदींत, नावं आणि रकमा छापल्या असतील तर त्या आधी काढा. कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात एखादी गुप्त की (किल्ली) किंवा पासवर्ड राहिला असेल तर फाईल पुसून भागत नाही, की बदलावी लागते. ॲपवर आपली सही करायची किल्ली जिच्यात असते ती कीस्टोअर फाईल दोन ठिकाणी ठेवा, गिटमधल्या कोडसोबत नको.

कागदपत्रं शेवटी, पण आदल्या रात्री नकोत. प्ले स्टोअरचा डेटा सेफ्टी फॉर्म तुम्हीच भरायचा असतो, आणि तुम्ही जोडलेली लायब्ररी जे गोळा करते तेही त्यात तुमच्या नावावर मोजलं जातं. काहीच गोळा करत नसाल तरी प्रायव्हसी पॉलिसी लागते. माहिती गोळा करणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा. त्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी आणि कोंकणीतही. तेव्हा ती आधी मराठीत लिहा. इंग्रजीत गोलमोल लिहून वेळ मारून नेता येते. मराठीत ‘आम्ही तुमचा डेटा भागीदारांसोबत वाटतो’ असं लिहिताना आपल्यालाच कसंतरी होतं.

आणि एक नवी दोनशेपानी वही आणून ठेवा. पहिले तीन महिने हिशोब दोन्हीकडे लिहायचा, असं आईने ठरवलं होतं. आमच्याकडे अजूनही दोन्हीकडे लिहितात.