राउंड मारायला लावू नका, मैदान मोजा: लहान मुलांच्या फुटबॉल सरावातला दम कसा ठरवावा

कोल्हापुरात संध्याकाळी मैदानावर गेलात की ‘दहा राउंड मारा!’ ही हाक हमखास कानावर येते. अकरा-बारा वर्षांची पोरं रांगेनं पळतात आणि बॉल पायात येईपर्यंत निम्मी दमलेली असतात. मीही अनेक वर्षं असाच सराव घेतला, आता घेत नाही. चार विरुद्ध चार असा छोटा सामना नीट लावला तर छातीचा दम, पायाची ताकद आणि बॉलवरचा ताबा, तिन्हींचा सराव त्यातच होतो. मात्र तो नीट लावावा लागतो.

आधी मैदान मोजा. १०५ बाय ६८ मीटरच्या पूर्ण मैदानावर २२ खेळाडू असले, तर एकेकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. ३० बाय २० मीटरमध्ये आठ पोरं उतरवली तर येते फक्त ७५. तीच आठ पोरं ४० बाय ३० मध्ये खेळवा, जागा दुप्पट होते आणि सामना पार बदलतो. मोठ्या जागेत लांब पळणं वाढतं, छोट्या जागेत थांबणं, वळणं आणि पुन्हा सुटणं. ‘आज छोटं मैदान, म्हणजे हलका सराव’ ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. जोरात पळणारं पोरगं एकदम थांबून वळतं, तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि जांघेवर मोठा ताण येतो. किती अंतर पळालं एवढंच मोजलं, तर तो ताण दिसत नाही.

मग संख्या ठरवा. तीन विरुद्ध तीनमध्ये लपायला जागाच नसते. प्रत्येकाला बॉल मिळतो आणि छाती जोरात धडधडते. सात विरुद्ध सातमध्ये दोघं-तिघं कडेला नुसती उभी राहू शकतात. आणखी दोन गोष्टींनी सामना तापतो. एक, कडेनं पाच-सहा बॉल तयार ठेवणं, कारण बॉल आणायला जाण्यात मिळणारी फुकटची विश्रांती त्यामुळे संपते. दुसरी, तुमचा आवाज. प्रशिक्षक सतत हुरूप देत राहिला की पोरं जास्त पळतात. म्हणून हलक्या सरावाच्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसतो.

वेळ तुकड्यांत द्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना चार मिनिटांचे चार डाव आणि मध्ये दोन मिनिटं पाणी व विसावा पुरतो. नऊ-दहा वर्षांच्यांना तीनच मिनिटं. पास चुकायला लागले, बॉल पायातून निसटायला लागला, की शिट्टी वाजवा, घड्याळाकडे बघत बसू नका.

एक उणीव मात्र छोट्या सामन्यात राहतेच. वीस मीटर रुंदीत पूर्ण वेगानं धावायला मोकळी जागा मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, अंग नीट गरम करून, ३० मीटरच्या चार-पाच धावा वेगळ्या घ्या आणि प्रत्येक धावेनंतर पूर्ण दम घेऊ द्या. इथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचं नाव घेऊन पालक विचारतात, ‘सर, स्टॅमिनासाठी अजून काय करू?’ मी त्यांना सांगतो, अजून नको, मोजून करू.

मोजायला एक वही पुरते. सराव संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा, ‘शून्य ते दहामध्ये आज किती दमलास?’ सगळ्यांसमोर विचारलंत तर पोरं एकमेकांचाच आकडा सांगतात. तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणा. ६० मिनिटं आणि सहा, म्हणजे ३६०, हा त्या दिवशी त्याच्यावर पडलेला एकूण ताण. एकाच सामन्याला एक जण चार म्हणतो आणि दुसरा आठ, आणि दोघंही खरं सांगत असतात.

हा फरक बऱ्याचदा वाढीमुळे पडतो. तेरा वर्षांखालच्या संघात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा त्याच्या खांद्यापर्यंतही पोचत नाही. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्यानं उंच होतात, मुली त्यांच्या दोनेक वर्षं आधी. या काळात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा टाच दुखते असं पोरानं सांगितलं, तर ‘सहन कर’ म्हणू नका. हाडाच्या ज्या जागी स्नायूबंध जोडलेला असतो, ती अजून कोवळी असते. छोट्या मैदानातले डाव आणि उड्या कमी करा, डॉक्टरांना दाखवा. कधी वयाऐवजी अंगकाठी बघून संघ पाडा, लहानखुऱ्या पोरांचा खेळ खुलतो.

वहीत एखाद्याचा आकडा नेहमीच्या पाचवरून सलग दोन दिवस आठवर गेला, तर मी आधी झोपेची, जेवणाची आणि परीक्षेची चौकशी करतो. त्या दिवशी त्याला कडेला उभं करतो, जो संघ बॉल राखेल त्याच्याकडून पास देणारा जादा भिडू म्हणून. तो खेळात राहतो, आणि पायांना विसावा मिळतो.