पहिल्यांदाच पक्षी पाळताय? मग रंग सगळ्यात शेवटी बघा

सगळ्यात आधी एक स्पष्ट सांगते, आपला लाल चोचीचा हिरवा पोपट पाळायचा नाही. आजीच्या वाड्यात होता, शेजारच्या काकांकडे अजून आहे, मिठू मिठू बोलतो, सगळं मान्य, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि त्याखाली पोपट, पहाडी मैना, मुनिया असे आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवा, तरी पोपटाची ती पिल्लं ढोलीतून काढलेली असतात, नीट पिसं फुटायच्या आधी, आणि बरीचशी वाटेतच मरतात. कुणी पिशवीतून गुपचूप दाखवलं तर "निदान हे एक तरी वाचेल" म्हणून पण घेऊ नका, कारण एक विकलं गेलं की माणूस दुसरं काढायला परत झाडावर चढतो. वन विभागाची हेल्पलाईन १९२६ आहे, तिथे कळवा. मुनिया तर चक्क रंगवून विकतात, अंघोळ केली की रंग उतरतो, त्यामुळे खूपच भडक रंगाची स्वस्त "विदेशी चिमणी" कुणी दाखवली तर तिथून निघाच.

मग पाळायचं काय? पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेले बाहेरचे पक्षी. बजी, कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला), झेब्रा फिंच (चिमणीहून लहान), कॅनरी, लव्हबर्ड. आता इथे एक घोळ आहे तो माहीत असू द्या. आपल्याकडे बऱ्याच दुकानात बजीलाच लव्हबर्ड म्हणतात आणि कॉकटीलला कॉकटेल. बजी म्हणजे ऑस्ट्रेलियातला लहानसा पक्षी, लांब शेपटी, डोक्यावर आणि पाठीवर बारीक काळ्या रेघा, वजन ३०-४० ग्रॅम. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाडसर, चोच चांगलीच दणकट. दोघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की नावावर जाऊन घेतलं तर फसाल, म्हणून फोनवर भाव विचारताना फोटो मागवा. बजी, कॉकटील, झेब्रा फिंच, कॅनरी आणि पीचफेस लव्हबर्ड यांना कागदपत्रांची भानगड नाही. पण फिशर लव्हबर्ड, सन कॉन्युअर (लहान, रंगीत, पोपटाच्या जातीचा) वगैरे पक्षी CITES ह्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, विकणाऱ्याकडचे कागदही लागतात. पहिल्या पक्ष्यासाठी कॉन्युअर तसाही नको, फ्लॅटमधे त्याचा आवाज तीन मजले जातो.

आता पक्षी बाजूला ठेवा आणि स्वतःचं घर बघा. मी हे मुद्दाम आधी सांगते कारण लोक दुकानात जाऊन निळा का पिवळा ह्यावर तासभर बोलतात आणि पिंजरा कुठे ठेवणार विचारलं की एकमेकांकडे बघतात. वन रूम किचन असेल आणि पिंजरा ओट्याच्या जवळच येणार असेल तर नीट विचार करा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या कोटिंगचा जो धूर निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वाससुद्धा येत नाही कधीकधी. मिरचीच्या फोडणीचा खाट, धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइल, रूम फ्रेशनर, पेस्ट कंट्रोल हे सगळं त्यांच्या फुप्फुसांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. ज्या खोलीत देवघर आहे आणि रोज धूप होतो तिथे पिंजरा नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि सीलिंग फॅन! पक्षी पिंजऱ्याबाहेर असताना फॅन बंद म्हणजे बंद, घरातल्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे, पाहुण्यांना पण, स्विचवर चिकटपट्टी लावा वाटलं तर.

घरात कुणाला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर कॉकटील नको, त्याच्या अंगावरून पांढरी पावडर सतत झडते, आठवड्यात टीव्हीवर थर दिसतो. सकाळी सहाला कलकलाट चालेल का? गणपतीला आठ दिवस गावी जाता तेव्हा कोण बघणार? दिवाळीत खाली फटाके लागतात तेव्हा पिंजरा आतल्या कुठल्या खोलीत जाईल? ह्याची उत्तरं असली की मगच पुढे. आणि हो, "मुलांसाठी घेतोय" असं असेल तर गृहीत धरा की रोजचा पिंजरा तुम्हीच धुणार आहात.

कुठला पक्षी ह्यावर माझं मत सरळ आहे, बहुतेकांसाठी बजी. लहान आहे, आवाज चिवचिव प्रकारातला आहे, किंमत बेताची, आणि लहान वयात आणला तर बोटावर बसायला शिकतो, नर तर चार शब्द पण बोलतात. नीट सांभाळला तर पाच ते दहा वर्षं राहतो. कॉकटील जास्त माणसाळतो, डोकं खाजवून घेतो, शिट्टीवर गाण्याच्या चाली काढतो, पण तो पंधरा वीस वर्षं जगतो आणि त्याला रोज तुमचा वेळ लागतो, दिवसभर घर बंद असेल तर बिचारा एकटाच ओरडत बसतो. रात्री अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात धडपडतो पण, त्यामुळे त्याच्याजवळ झिरोचा बल्ब ठेवावा लागतो. ज्यांना हात लावायचा नाहीये, नुसतं बघायचंय ऐकायचंय, ऑफिसमुळे वेळ कमी आहे, त्यांनी झेब्रा फिंचची जोडी घ्यावी. हातावर येतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका, आणि एकटा फिंच कधीच ठेवू नका. कॅनरी गातो छान, पण आपल्याकडचा उकाडा आणि त्याची निगा नवख्याला जरा जड जाते. लव्हबर्ड दिसायला इतका गोड आहे की सगळे त्याच्यावरच जातात, पण तो चावतो, कडकडून चावतो, आणि बजी किंवा फिंचबरोबर एका पिंजऱ्यात ठेवला तर त्यांचे पाय तोडतो. पहिला पक्षी म्हणून मी कुणालाच सुचवत नाही.

आता दुकान. क्रॉफर्ड मार्केटला जा, तुमच्या गावच्या बाजारात जा, किंवा घरी ब्रीडिंग करणाऱ्याकडे जा (मला हे शेवटचं जास्त आवडतं कारण आईबाप बघायला मिळतात, पिल्लाचं वय खरं कळतं). २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, विचारायला लाजू नका. पण गेल्या गेल्या पिंजऱ्याला नाक लावू नका. चार सहा फूट लांब उभे रहा आणि वीस मिनिटं नुसतं बघा. पक्षी आजार लपवतो, रानात आजारी दिसला की शिकारी त्यालाच धरतो म्हणून ही सवय त्यांच्या रक्तातच आहे, माणूस जवळ आला की आजारी पक्षीसुद्धा अंग आवळून ताठ बसतो. लांबून बघितलं की खरं दिसतं. पिसं फुगवून, डोळे मिटून दुपारी एकटा कोपऱ्यात किंवा खाली जाळीवर बसलेला नको. शांत बसलेला असताना श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलत असेल तर नको, त्याला श्वासाचा त्रास आहे. बाकीचे खातायत, भांडतायत, चोची घासतायत आणि त्यांच्यातच मिसळलेला आहे असा हेरून ठेवा.

मग जवळ जा. नाकपुड्या कोरड्या आणि मोकळ्या हव्यात, वरची पिसं ओली चिकट नकोत. डोळा गोल, स्वच्छ. शेपटीखालची जागा कोरडी, तिथे शी चिकटलेली असली तर पोट बिघडलंय. चोचीच्या कडेला आणि पायांवर खडबडीत, पांढरट, बारीक भोकं पडलेली साल दिसली तर तो खरजेचा किडा आहे, औषधाने बरा होतो पण पहिल्याच दिवशी डॉक्टर कशाला, शिवाय त्या पिंजऱ्यातल्या सगळ्यांनाच तो असू शकतो. दुकानदाराला हातात धरून दाखवायला सांगा आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, दोन्ही बाजूला मांस लागलं पाहिजे, हाड सुरीच्या धारेसारखं टोचलं तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे. पिंजऱ्याच्या ट्रेकडे पण बघा, चांगली शी हिरवट काळसर असते आणि तिच्यात पांढरा भाग असतो, सगळीकडे नुसतं पाणी पाणी असेल तर त्या पिंजऱ्यातलं काहीच घेऊ नका.

बजीचं वय ओळखायला सोपं आहे. पिल्लाच्या कपाळावरच्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा असतो, तीन चार महिन्यांत पहिली पिसं झडली की कपाळ साफ होतं आणि पुढे डोळ्यात पांढरी कडा दिसायला लागते. माणसाळवायचा असेल तर रेघावालाच घ्या, साधारण सहा ते दहा आठवड्यांचा, स्वतः दाणे फोडून खाणारा. नर मादी नाकपुड्यांभोवतीच्या जाडसर भागावरून कळते, मोठ्या नराचा निळा, मादीचा तपकिरी किंवा फिकट. पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या नराचा मात्र गुलाबी जांभळाच राहतो, तिथे दुकानदार पण चुकतात. अजून एक, हँडफीडचं पिल्लू स्वस्तात मिळतंय, सिरिंजने भरवलं की माणसाळेल, असं सांगतील. नवख्याने अजिबात नको. फॉर्म्युला (पिल्लाचं पातळ खाणं) जरा गरम झाला की गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, जरा घाईने दिला की श्वासनलिकेत जातो.

एक का दोन? दिवसभर घरी कुणी असेल आणि खरंच वेळ देणार असाल तर एक चालतो, नाहीतर दोन. बजीत दोन नर सगळ्यात सुखाने राहतात, दोन माद्या भांडतात. नर मादी घेतलीत तर दुकानदार प्रेमाने घरट्यासाठी एक मडकं हातात देईल, ते घेऊ नका. मडकं लावलं की अंडी सुरू, अंडं अडकून लहान वयाची मादी मरते, आणि सगळं नीट झालं तरी सहा महिन्यांत बारा पक्षी झाले, आता कुणाला देऊ असं होतं. मडकं नसलं तर बहुतेक जोड्या अंडी घालायच्या भानगडीत पडत नाहीत, आणि झोपायला त्यांना घरटं लागत नाही, दांडी पुरते.

पिंजरा पक्ष्याच्या आधी घरी आला पाहिजे. बजीच्या जोडीला कमीत कमी ३० इंच लांब, १८ रुंद, १८ उंच. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची कारण ते आडवे उडतात. गोल पिंजरा नको, गंज लागलेला नको, तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर नको. प्लॅस्टिकच्या एकसारख्या दांड्या काढून टाका आणि पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न केलेल्या फांद्या धुऊन वाळवून लावा, जाड बारीक मिसळून, पाय चांगले राहतात. गॅलरीत टांगू नका, कावळे आणि मांजरं जाळीतून पाय ओढतात आणि दुपारचं ऊन वेगळंच. पावसाळ्यात मुंग्या हमखास येतात, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमधे ठेवा.

खायला राळा, थोडी बाजरी, वरी, आणि रोज कोथिंबीर, पालक, मेथी, शेवग्याचा पाला, कोवळं मक्याचं कणीस, किसलेलं गाजर. नुसत्या दाण्यावर ठेवलेला पक्षी लठ्ठ होतो आणि आतून कुपोषित राहतो. कॅल्शियमला समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड), आयुर्वेदिक दुकानात मिळतो, तारेने अडकवून द्या. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा कॉफी, कांदा, लसूण, खारवलेलं काही नको. आणि हे नीट वाचा, बजी दाणा सोलून खातो आणि फोलपटं वाटीतच टाकतो, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा, फोलपटं उडवा, मग किती उरलंय ते बघा. नवख्यांचे पक्षी ह्याच एका कारणाने भरल्या वाटीसमोर मेलेले मी बघितलेत.

आणायचा दिवस सकाळचा ठरवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याला खायची जागा सापडते. दुकानात जे खात होता तेच अर्धा किलो सोबत घ्या, बदल नंतर हळूहळू. पहिले तीन चार दिवस शेजारपाजाऱ्यांना दाखवायला बोलावू नका, पिंजऱ्याच्या एका बाजूला कापड टाका, जवळ बसून हळू आवाजात बोलत रहा, हात घालायचा तो फक्त पाणी दाणा बदलायला. रात्री दहा बारा तास शांत झोप. घरी आधीचा पक्षी असेल तर नवीन महिनाभर वेगळ्या खोलीत. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा नंबर त्याच आठवड्यात शोधून फोनमधे सेव्ह करा, कुत्र्यामांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी बघत नाहीत, मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असू द्या. पक्ष्याने दिवसभर खाल्लं नाही किंवा फुगून खाली बसला तर उद्या बघू म्हणू नका, एवढ्याशा जिवाकडे उद्यापर्यंतचा वेळ नसतो. डॉक्टरकडे निघेपर्यंत पक्ष्याला खोक्यात घालून वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा जागी ठेवा, वर ऊबेसाठी जुना, तापणारा पिवळा बल्ब एका बाजूने, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येतं.