शेल स्क्रिप्टने बिलं ईमेल करताय? या चुका टाळा

हाताने चालवली की स्क्रिप्ट बिनबोभाट मेल पाठवते. बिलिंग सॉफ्टवेअरमधून बटण दाबलं की काहीच होत नाही. लिनक्स सर्व्हरवर अशी जोडणी करताना पहिला संशय मेल सर्व्हरवर जातो, पण दोष बहुतेकदा तिथे नसतोच. तुम्ही लॉगिन करता तेव्हा युजर तुमचा असतो, पाथही (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी) तुमचा. सॉफ्टवेअर स्क्रिप्ट चालवतं ते स्वतःच्या वेगळ्या युजरने, आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालवलीत तर पाथमध्ये मोजकीच फोल्डर असतात. प्रत्येक कमांड कुठल्या फोल्डरात आहे तो पूर्ण पाथ लिहा आणि तपासणी सुडोने (दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवायची सोय) त्याच युजरच्या नावावर करा. कमांड संपताना जो आकडा देते, तो एक्झिट कोड. 127 म्हणजे कमांड सापडली नाही, 126 म्हणजे ती सापडली पण चालवता आली नाही.

कोड 0, म्हणजे 'काम झालं', आला की सगळे निर्धास्त होतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मेल पाठवणाऱ्या सेंडमेल कमांडने 0 दिला याचा अर्थ मेल रांगेत घेतला, एवढाच. एका व्यापाऱ्याकडे मी हे जवळून पाहिलं. महिनाअखेरच्या प्रत्येक बिलापुढे 'पाठवले' अशी खूण होती आणि ग्राहक विचारत होते, बिल कुठंय? रांग दाखवणारी मेलक्यू कमांड चालवली तर सगळी बिलं रांगेत अडकलेली, प्रत्येकाखाली 'कनेक्शन टाइम्ड आउट'. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या क्लाउडवाल्यांनी बाहेर जाणारा पोर्ट 25 (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) बंद ठेवला होता. लॉगिनसह पोर्ट 587 वरून रिले (मेल पुढे पोचवणारा दुसरा सर्व्हर) लावला आणि रांग हलली. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर सहसा पाच दिवस प्रयत्न करतं, मग मेल परत पाठवतं. तो परतीचा मेलही सर्व्हरवरच्या, कोणीच उघडत नाही अशा मेलबॉक्समध्ये पडतो. म्हणून सेंडमेलला '-एफ' देऊन ऑफिसात रोज वाचला जाणारा पत्ता पाठवणारा म्हणून लावा. सॉफ्टवेअरमध्येही 'पाठवले' न लिहिता 'रांगेत दिले' लिहा. हिशेबाला बसलेल्या माणसाला खरं काय ते कळायला हवं.

दुसरी गंभीर चूक म्हणजे ग्राहकाचं नाव थेट कमांडच्या ओळीत चिकटवणं. फर्मच्या नावात '&' असेल तर शेल (कमांडची ओळ वाचून चालवणारा प्रोग्राम) तिथेच कमांड तोडतं आणि आधीचा भाग बॅकग्राउंडला टाकतं. गोव्याकडच्या डिसोझांच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एकेरी अवतरणचिन्ह ओळ अर्धवट सोडतं. आणि कोणी मुद्दाम नावात ';' घालून पुढे फाइली उडवणारी कमांड लिहिली, तर तीही चालते! पायथॉनमध्ये सबप्रोसेसला (बाहेरची कमांड चालवणारा भाग) अख्खी ओळ देऊ नका, यादी द्या आणि 'शेल' पर्याय बंद ठेवा. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण हवं. मजकूर स्टँडर्ड इनपुटमधून पाठवा. एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या लॉगिनचा, पासवर्ड तर आर्ग्युमेंटमध्ये (कमांडच्या ओळीत) कधीच देऊ नका, कारण चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या 'पीएस' कमांडने तो इतर युजरनाही दिसू शकतो. फक्त त्या युजरला वाचता येईल अशा फाइलीत ठेवा.

मराठी विषयाच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर हेडर (मेलच्या वरच्या विषय, पत्ता वगैरे ओळी) एन्कोड झालेलं, म्हणजे मेलला चालणाऱ्या अक्षरांत बदललेलं, नाही असं समजा. मजकूर यूटीएफ-8 असून भागत नाही, विषयाची ओळ वेगळी एन्कोड करावी लागते.

सर्व्हर बदलल्यावर पीडीएफ जोडली जाईनाशी झाली, तर मेल पाठवणारी मेलएक्स कमांड कुठल्या प्रकारची आहे ते बघा. एका प्रकारात '-ए' फाइल जोडतं, डेबियन या लिनक्सवरच्या बीएसडी प्रकारात तेच '-ए' हेडर वाढवतं.