घरात व्हिएतनाम व्हेटरन असेल तर: एजंट ऑरेंजचे आजार आणि व्हीएचा क्लेम, कुठून सुरुवात करायची

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांमध्ये आता कुणाचे सासरे, कुणाचे व्याही, कुणाच्या शेजारचे आजोबा असे व्हिएतनाम युद्धावर जाऊन आलेले लोक असतातच, आणि ते आता बहुतेक सत्तरी ओलांडलेले आहेत. माझे सासरे त्यातलेच, १९६८-६९ ला आर्मीतून गेलेले. व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याकडे, त्यांचे भरपाईचे पेपर्स भरताना मला जे कळलं ते इथे लिहितेय, कारण ही माणसं स्वतः काही मागत नाहीत, "माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले बरेच आहेत, त्यांना मिळू दे" असं म्हणून गप्प बसतात आणि तोवर आजार पुढे गेलेला असतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. तुमच्या माणसाला कॅन्सर किंवा डायबेटिस एजंट ऑरेंजमुळेच, म्हणजे त्या युद्धात फवारलेल्या विषारी तणनाशकामुळेच, झाला हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. १९९१ च्या एजंट ऑरेंज अॅक्टनंतर व्हीएने आजारांची एक यादी केलीय, तिला प्रेझम्प्टिव्ह लिस्ट म्हणतात. माणूस ठरलेल्या जागी ठरलेल्या काळात होता आणि त्याला यादीतला आजार आहे, एवढं दाखवलं की संबंध कायद्याने धरूनच चालतात. म्हणजे कुठे होता, कधी होता आणि आजार कोणता, या तीन गोष्टींचे कागद जमवायचे. बाकी वाद घालत बसायचं नाही.

आधी हे विष काय आहे ते समजून घ्या

एजंट ऑरेंज हे दोन तणनाशकांचं निम्मं-निम्मं मिश्रण होतं, आणि त्यातलं एक, २,४,५-टी, कारखान्यात बनवताना त्यात टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन आपोआप तयार व्हायचं. कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं, पण डायॉक्सिनच्या सगळ्या प्रकारांत सगळ्यात विषारी हेच. पिंपांवर केशरी पट्टा असायचा म्हणून ते नाव पडलं. १९६२ ते १९७१ या काळात ऑपरेशन रँच हँडमध्ये सी-१२३ विमानांतून जंगलांवर आणि शेतांवर सगळी तणनाशकं मिळून सात कोटी लिटरच्या वर फवारली गेली, शिवाय बेसच्या कुंपणाभोवतीचं गवत मारायला हेलिकॉप्टरमधून, ट्रकवरून, हाताच्या पंपानेही मारायचे. त्यामुळे "मी कधी विमान फवारताना बघितलं नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही, आणि व्हीए ते विचारतही नाही.

टीसीडीडी चरबीत जाऊन बसतं आणि माणसाच्या शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण ७ ते ११ वर्षं लागतात. पेशीत एक रिसेप्टर असतो त्याला ते चिकटतं आणि कुठले जीन्स चालू राहायचे कुठले बंद याच्यात ढवळाढवळ करतं, म्हणून परिणाम एकाच अवयवात न दिसता हॉर्मोन्स, इम्युनिटी, रक्त, मज्जातंतू असे सगळीकडे दिसतात आणि तेही कित्येक वर्षांनी. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने याला माणसात कॅन्सर करणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात टाकलं.

बरेच जण विचारतात की रक्तात डायॉक्सिन किती आहे ती टेस्ट करून घेऊ का. नका करू. एवढ्या वर्षांनी उरलेला आकडा तेव्हा किती गेलं होतं ते नीट सांगत नाही, टेस्ट महाग आहे, आणि क्लेमला ती लागतच नाही.

कुठे आणि कधी: डीडी-२१४ शोधा

हा डिस्चार्जचा कागद. बहुतेक घरांत जुन्या फाईलमध्ये किंवा ट्रंकेत असतो. त्यात परदेशातल्या सर्व्हिसचा रकाना आणि मेडल्स बघा. व्हिएतनाम सर्व्हिस मेडल दिसलं की आनंद होतो, पण ते थायलंडमधून किंवा जहाजावरून मदत करणाऱ्यांनाही मिळालंय, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका, तारखा आणि युनिट बघा. कागद हरवला असेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मागवता येतो, जवळच्या नातेवाइकांनाही काही अटींवर मिळतो.

व्हिएतनामच्या जमिनीवर ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ मध्ये एक दिवस जरी पाय ठेवला असेल तरी चालतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत जहाजावर असलेले ब्लू वॉटर नेव्हीवाले २०१९ च्या कायद्याने आत आले. दोन कोरियांमधल्या डीएमझेड या सीमापट्ट्याजवळची युनिट्स १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१. आणि २०२२ च्या पॅक्ट अॅक्टने बाकीचा मोठा तुकडा उघडला: थायलंडमधला कुठलाही अमेरिकन किंवा थाई बेस, ९ जानेवारी १९६२ ते ३० जून १९७६, शिवाय लाओस, कंबोडियाचा एक छोटा भाग, ग्वाम, अमेरिकन सामोआ, जॉन्स्टन बेट, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. थायलंडवाल्यांना आधी "तू कुंपणाजवळ ड्यूटी केलीस का ते दाखव" म्हणायचे, आचाऱ्यांना आणि मेकॅनिकना नाही म्हणून परत पाठवलंय, आता ती अट गेली. अशा कुणाला पूर्वी नकार आला असेल तर त्यांना आजच फोन करा, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

तारखा कागदावर नीट नसतील तर जुनी पत्रं, फोटो, बरोबरच्या मित्राचं लेखी निवेदन हेही पुरावे धरतात, आणि नेव्हीवाल्यांसाठी व्हीएकडे जहाजांची यादी आणि त्यांच्या डेक लॉगच्या (जहाजाच्या रोजनिशीच्या) नोंदी आहेत.

आजार कोणता: यादी आणि तिच्यातल्या खाचाखोचा

प्रोस्टेट कॅन्सर, फुप्फुस, स्वरयंत्र, श्वासनलिकेचे कॅन्सर, ब्लॅडर कॅन्सर, हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा, बी-सेलचे क्रॉनिक ल्युकेमिया, मल्टिपल मायलोमा आणि त्याच्या आधीची एमजीयूएस नावाची अवस्था, बरेचसे सॉफ्ट टिशू सार्कोमा, एएल अमायलॉयडोसिस, टाइप २ डायबेटिस, इस्केमिक हार्ट डिसीज, पार्किन्सन्स आणि त्याच्यासारखी लक्षणं असलेला पार्किन्सनिझम, हायपोथायरॉइड, आणि २०२२ पासून हाय ब्लड प्रेशर. क्लोरॅक्ने (मुरमांसारखा त्वचेचा आजार), पोर्फिरिया आणि सुरुवातीची न्यूरोपथी (मज्जातंतूंचा आजार) हेही आहेत पण ते संपर्कानंतर एका वर्षाच्या आत दिसलेले असावे लागतात.

हे एका वर्षाचं कलम न्यूरोपथीच्या बाबतीत फार लोकांना आडवं येतं. माणूस सांगतो पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर झालेत, क्लेममध्ये लिहितो "एजंट ऑरेंजमुळे न्यूरोपथी" आणि नकार येतो, कारण १९७० मध्ये तसं काही रेकॉर्डवर नाही. पण त्याच माणसाला डायबेटिस असतो! तर डायबेटिस प्रेझम्प्टिव्ह म्हणून मांडायचा आणि न्यूरोपथी त्या डायबेटिसमुळे झालेली, सेकंडरी म्हणून. तसंच किडनीचं, डोळ्याच्या पडद्याचं. दोन्ही पायांचं रेटिंग (अपंगत्वाची टक्केवारी, तिच्यावर रक्कम ठरते) वेगवेगळं होतं, हातांचंही. सगळ्यात जास्त पैसे आणि हक्क इथेच सांडतात असं माझं मत झालंय, कारण डॉक्टर उपचार करतात पण कशामुळे काय झालं ते एका ओळीत लिहून देत नाहीत. तुम्ही अपॉइंटमेंटला जाल तेव्हा विनंती करा की नोटमध्ये "डायबेटिसमुळे झालेली न्यूरोपथी" असं स्पष्ट लिहा.

ब्लड प्रेशरचं दुसरंच. ते मान्य होतं पण गोळ्यांनी कंट्रोलमध्ये असलं तर रेटिंग पुष्कळदा ० टक्के येतं. लोक निराश होतात. होऊ नका, ० टक्के म्हणजे नकार नव्हे, आजार सर्व्हिसशी जोडला गेला, आणि उद्या त्याच प्रेशरमुळे स्ट्रोक आला किंवा किडनी गेली तर तो दुवा आधीच तयार असतो.

प्रोस्टेट कॅन्सर चालू असताना १०० टक्के देतात, ट्रीटमेंट संपली की सहा महिन्यांनी पुन्हा तपासून जे उरलंय, म्हणजे लघवीचा त्रास वगैरे, त्यावर ठरवतात. त्यामुळे रात्री किती वेळा उठावं लागतं, दिवसाला पॅड किती लागतात हे लाज न बाळगता लिहून ठेवायला सांगा. त्यांना सुनेशी किंवा मुलीशी बोलायला अवघड जातं, तर वही आणि पेन देऊन बाजूला व्हा.

थरथर, हळू चालणं, अक्षर बारीक होत जाणं हे वय झालं म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि शुगरची तपासणी किती दिवसांनी करायची ते डॉक्टरांना विचारा आणि विचारताना "व्हिएतनामला होते" हे वाक्य जरूर सांगा, कारण बाहेरचे डॉक्टर हे विचारत नाहीत.

क्लेम भरताना

पहिल्याच दिवशी इंटेंट टू फाईल, म्हणजे क्लेम करणार असल्याची नोंद, करा, फॉर्म २१-०९६६ किंवा ऑनलाइन किंवा फोनवर. मान्य झालं तर पैसे साधारण त्या तारखेपासून मोजतात आणि कागद जमवायला पूर्ण एक वर्ष मिळतं. मग मुख्य फॉर्म २१-५२६ईझेड. डीडी-२१४, डायग्नोसिसचे कागद, गोळ्यांची यादी जोडा.

हे सगळं एकट्याने करू नका. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन, व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका या व्हेटरन्सच्या संघटनांचे आणि बऱ्याच काउंटींचे अॅक्रेडिटेड (व्हीएची मान्यता असलेले) सर्व्हिस ऑफिसर फुकट मदत करतात. पहिला क्लेम तयार करायचे पैसे मागणारा कुणीही असो, त्याच्यापासून लांब राहा. कायद्याने त्याची फी घेता येत नाही, अॅक्रेडिटेड वकीलसुद्धा पहिला निर्णय आल्यानंतरच फी लावू शकतो, आणि हल्ली "वाढलेल्या पेन्शनचे अमुक महिने आम्हाला द्या" म्हणणाऱ्या कंपन्यांचे फोन म्हाताऱ्या माणसांना सारखे येतात.

एजंट ऑरेंज रजिस्ट्रीची तपासणी व्हीएमध्ये फुकट होते, ती जरूर करा, पण ती म्हणजे क्लेम नाही. रजिस्ट्रीत नाव आहे म्हणजे आपलं काम झालं असं समजून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं मी पाहिलीत.

सी अँड पी तपासणीचा दिवस

क्लेमनंतर आजार किती आहे ते बघायला व्हीए तपासणीला बोलावते, तीच सी अँड पी, आणि इथे या पिढीची सवय त्यांच्याच मुळावर येते. डॉक्टर म्हणतो कसे आहात, हे म्हणतात "फाईन, सर". चालायला त्रास? "नाही, ठीक आहे." माझ्या सासऱ्यांनी असंच सगळं नाही-नाही म्हटलं, मी बाजूला बसलेली, शेवटी मी एवढंच विचारलं की डॅड, तुम्ही शेवटची बुटाची लेस कधी बांधलीत. ते गप्प झाले. कित्येक वर्षं ते बिनलेसचेच बूट घालत होते, कारण बोटांना लेस लागतच नव्हती आणि जमीन पायाखाली नीट कळत नव्हती. मग तपासणाऱ्या बाईंनी बूट-मोजे काढायला लावले आणि बारीक नायलॉनच्या तारेने तळवा नीट तपासला. अंगठ्यापासून अर्ध्या पावलापर्यंत त्यांना काही कळत नव्हतं.

म्हणून आदल्या दिवशी बसून सगळ्यात वाईट दिवस कसा असतो तो लिहून काढा, काय करणं बंद केलं ते लिहा, आत जाता येतं का ते विचारा, नाही म्हणाले तर तुमचं स्वतःचं लेखी निवेदन जोडा. फुगवून काहीच सांगायचं नाही, पण लपवायचंही नाही. आणि तपासणी चुकवू नका, जमत नसेल तर आधी फोन करून तारीख बदला.

नकार आला तर, किंवा जुना नकार असेल तर

पत्रातलं कारण वाचा. नवीन कागद असेल किंवा कायदा बदलला असेल तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. तेच कागद वरिष्ठांनी पुन्हा बघावेत असं वाटत असेल तर हायर लेव्हल रिव्ह्यू. नाहीतर व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील. निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत केलंत तर पैसे मोजायची मूळ तारीख टिकते. व्हिएतनाममध्ये असलेल्यांच्या बाबतीत नेहमर नावाच्या जुन्या कोर्ट केसमुळे काही आजारांना, यादीत यायच्या आधी नाकारलेल्या क्लेमच्या तारखेपासूनसुद्धा पैसे मिळू शकतात, त्यामुळे १९९० च्या दशकातली नकाराची पत्रं टाकून देऊ नका, सर्व्हिस ऑफिसरला दाखवा.

मुलं, आणि मागे राहिलेल्या बायका

व्हिएतनामला गेलेल्या वडिलांच्या किंवा आईच्या मुलाला स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असेल तर, ऑकल्टा हा प्रकार सोडून, त्या मुलाला स्वतःचे पैसे आणि उपचार मिळतात. महिला व्हेटरनच्या मुलांसाठी जन्मजात दोषांची यादी आणखी मोठी आहे. व्हिएतनाममधल्या लोकांना मात्र यातलं काहीच लागू नाही. द नांग, बिएन होआ या जुन्या एअरबेसची माती साफ करायला अमेरिकेने पैसे दिले, पण तिथल्या आजारी माणसांसाठी अमेरिकेकडून अशी यादी आणि अशी महिन्याची रक्कम नाही, आणि हे फॉर्म भरताना मला त्याचं फार वाईट वाटत राहिलं.

माणूस यादीतल्या आजाराने गेला असेल तर पत्नीला डीआयसी म्हणून दरमहा रक्कम मिळू शकते, फॉर्म २१पी-५३४ईझेड, तो आयुष्यात कधीच क्लेम न केलेला असला तरी. डेथ सर्टिफिकेटवर नुसतं "कार्डियाक अरेस्ट" लिहिलेलं असतं, त्याने काम अडतं, म्हणून त्यामागचं कारण, हृदयाच्या धमन्यांचा आजार किंवा कॅन्सर जे असेल ते, डॉक्टरांना लिहायला सांगा, आधीच निघालं असेल तर दुरुस्ती मागता येते. मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला तर पैसे मृत्यूच्या महिन्यापासून धरतात, आणि क्लेम चालू असताना माणूस गेला तर तो पुढे चालवायचा अर्जही एका वर्षाच्या आतच करायचा असतो, त्याचा फॉर्म २१पी-०८४७.