घरच्यांनी गाव सोडलं, त्याची चित्रं कशी काढावीत

सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही मूळ गाव विचारा. आधी साखर पेठ किंवा दत्तनगर असं उत्तर येतं. पुन्हा खोदून विचारलं की माणूस पूर्वेकडं हात करतो, "तिकडं, निजामात." आमच्या घरातही इतकी वर्षं एवढंच उत्तर होतं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी, आणि गाव म्हणजे हाताने दाखवायची एक दिशा.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. तीन वर्षांपूर्वी त्या दिशेचं चित्र काढायला बसलो आणि पहिल्या प्रयत्नात जे झालं ते सांगायला लाज वाटते. डोक्यावर गाठोडं, मागे मावळता सूर्य, पुढे मिलची चिमणी. कॅलेंडर झालं! आमच्या घरातलं त्यात कुणीच नव्हतं. पुढे जमली ती बारा छोट्या चित्रांची माळ. ती कशी केली ते इथं क्रमाने लिहितो. तुमचे लोक आमच्यासारखे विणकामाच्या मागावर आलेले नसले तरी काही बिघडत नाही. कुणाचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, कुणी फाळणीनंतर आलं, कुणी किल्लारीच्या भूकंपानंतर, कुणी उलट इथून भिवंडीला किंवा पुण्याला गेलं. रीत तीच.

पहिली पायरी: एकच माणूस धरा

सगळ्या खानदानाची गोष्ट काढायला जाऊ नका. एक माणूस निवडा, शक्यतो जो स्वतः लहानपणी त्या प्रवासात होता. आमच्याकडं ती आत्या.

"तुम्ही सोलापूरला कसे आलात?" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: पोटासाठी. त्याऐवजी हातात धरता येईल असं काहीतरी विचारा. बरोबर काय आणलं? काय मागे राहिलं? पहिल्या रात्री कुठं झोपलात? पहिला पगार कशात गेला? इथलं काय खाल्लं जाईना?

आणि माणूस कामात असताना विचारा. आत्या ऐंशी पार केलेली. विड्या वळणं डोळ्यांमुळे सुटलंय, पण सून वळायला बसली की ती शेजारी बसून पानं कापून देते. ओलं पान, त्यावर पत्र्याचा फरमा, कडेने कात्री. मी मोबाइल समोर ठेवून "सांग" म्हटलं तेव्हा ती फोटोला बसल्यासारखी ताठ झाली. पानं कापायला लागली, आणि पाचव्या-सहाव्या पानाला आपणहून म्हणाली, "पहिल्या रात्री आम्ही दुसऱ्याच्या मागाच्या खड्ड्यात झोपलो. तिथं गार होतं." खड्डा मागावर विणकर पाय सोडून बसतो, तो खड्डा. ही गोष्ट माझ्या वडिलांनाही माहीत नव्हती.

रेकॉर्डिंगच्या आधी तिला विचारून घ्या, फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा. एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. त्याच रात्री ऐकून वहीत उतरवा, आणि तिने वापरला तोच शब्द लिहा. ती तेलुगूत मग्गं म्हणाली तर माग लिहू नका. हा नियम मी एका ठिकाणी मोडला, त्याचं काय झालं ते शेवटी येईल. यंत्रमागाच्या कारखान्यात मात्र मुलाखत घेऊ नका. घरी येऊन ऐकाल तर नुसती खटखट.

दुसरी पायरी: साल काढा

म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, घटना सांगतात. त्या घटना तुम्हाला ठाऊक हव्यात. 'मानमोडीच्या वेळी' म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. 'मार्शल लॉ' म्हणजे सोलापुरातला मे 1930. पुढे 12 जानेवारी 1931 ला चार हुतात्म्यांना फाशी झाली, तो काळ. 'रझाकार' आणि 'पोलीस ॲक्शन' म्हणजे 1948 चा सप्टेंबर आणि त्याआधीची दोन वर्षं. 'सुकडी' (दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं) आणि 'मिलो' (रेशनवरची लाल ज्वारी) हे शब्द आले की 1972 चा दुष्काळ. किल्लारीला तर तारीखच आहे, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. त्याही मागचं, आजोबांच्या आजोबांचं, सांगणारं कुणी घरात उरलेलं नसतं. तरी 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ आणि त्याच सुमारास सोलापुरात उभी राहिलेली पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बरंच उमगतं. सोलापूर जिल्ह्याचं 1884 चं गॅझेटियर यासाठी चाळण्यासारखं आहे. त्यात इथल्या विणकरांवर चांगली पानं आहेत.

वय काढायची आणखी एक युक्ती आहे. आत्याला साल माहीत नव्हतं, पण "माझा पुढचा दात पडलेला होता आणि मी जीभ घालत बसले होते" हे पक्कं आठवत होतं. म्हणजे सहा-सात वर्षांची. ती जन्मली 1942 च्या आसपास. झालं की 1948! शाळेच्या दाखल्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. जन्मतारीख 1 जून असेल तर ती गुरुजींनी लावलेली समजा. दाखल्यातली 'मातृभाषा' आणि 'जन्मस्थान' ही घरं मात्र नीट वाचा. आमच्याकडं दोन सख्ख्या भावांच्या दाखल्यांवर दोन वेगळ्या मातृभाषा निघाल्या.

तिसरी पायरी: एक वस्तू

इथं घाई करू नका, महिना गेला तरी चालेल. त्या प्रवासातून टिकलेली एक वस्तू शोधा. रेशनकार्ड, मिलचा बिल्ला, पितळी तांब्या, पत्र्याची पेटी, काहीही. काहीच नसेल तर पदार्थ चालतो. आमच्याकडं धोटा निघाला, माळ्यावर, फाटक्या चादरीत गुंडाळलेला.

धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून बाण्याचा आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळणारी लाकडी होडी. टीचभर लांब, दोन्ही टोकांना लोखंड, मध्ये दोरा गुंडाळलेली कांडी बसायची खोबण, बगलेला दोरा बाहेर काढायचं भोक. मी तो आठ दिवस नुसता टेबलावर ठेवला. चौथ्या दिवशी दिसलं की भोकाच्या एकाच बाजूचं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, नवी कांडी भरली की दोऱ्याचं टोक त्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचे. म्हणजे ती झीज आजोबांच्या ओठांची, आणि कदाचित त्यांच्याही वडिलांच्या. गाठोडं आणि सूर्य काढणाऱ्या माणसाला हे सुचलं नसतं.

चौथी पायरी: हात चालवा

'मला चित्र येत नाही' हे कारण इथं चालत नाही. वस्तूवर पातळ कागद ठेवून वरून मेणखडू आडवा घासा. झीज, भेग, खिळा, सगळं आपोआप उठतं. पाच-सहा कागद घासा, मग वस्तू समोर ठेवून पेन्सिलीने काढा, मग वस्तू बाजूला ठेवून आठवणीने काढा. आठवणीने काढताना जे मोठं होतं तेच तुमच्या मनात मोठं असतं. माझ्या प्रत्येक रेखाटनात भोक खऱ्यापेक्षा दुप्पट यायचं. ते मी तसंच ठेवलं.

जुना फोटो वापरायचा असेल तर त्याची झेरॉक्स वापरा. मी आजोबांचा एकुलता एक फोटो डिंकाने कागदावर चिकटवला. पावसाळ्यात तो फुगला आणि चेहऱ्यावरून पोपडा निघाला. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाचवी पायरी: माळ बांधा

एका मोठ्या चित्रात सगळं कोंबण्यापेक्षा छोट्या चित्रांची माळ चांगली. हे मी अमेरिकेतला चित्रकार जेकब लॉरेन्स याच्याकडून उचललं. त्याचे आईवडील दक्षिणेकडून उत्तरेत आलेल्या कृष्णवर्णीय लोकांपैकी. तेविशीतल्या या पोराने 1940-41 मध्ये त्या स्थलांतरावर 60 चित्रं केली. आधी ग्रंथालयात बसून अभ्यास, मग प्रत्येक चित्राखालची ओळ, मग चित्र. साठही फळ्या एकदम मांडून तो एकेक रंग सगळीकडं लावत गेला, म्हणून पहिल्या चित्रातला रंग साठाव्यातही तोच दिसतो. आज त्यातली विषम क्रमांकाची चित्रं वॉशिंग्टनला आणि सम क्रमांकाची न्यूयॉर्कला आहेत. माळेचंच स्थलांतर झालं म्हणायचं.

आपण साठ करू नये. बारा पुरेत. मी कागद घेतला आलेखाचा. सोलापुरी चादरीचा नक्षा असाच चौकटींच्या कागदावर रंगवतात. उभी रांग ताण्याची, आडवी बाण्याची, एक घर म्हणजे एका ठिकाणी धागा वर की खाली. मग त्यावरून जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. आपल्याला भोकं पाडायची नाहीत, पण चौकटीमुळे फायदा होतो. रेघ वळवता येत नाही, पायऱ्यापायऱ्यांनीच जावं लागतं, त्यामुळे चित्रात गोडवा घालायची सवय मोडते.

आकार 12 बाय 18 सेंटिमीटर. रंग चार: काळा, नीळ, विटकरी, हळदीचा पिवळा. साधे पोस्टर कलर चालतील. चारही रंग बारा चित्रांना पुरतील एवढे एकदाच कालवून झाकणाच्या डब्यांत भरा. दुसऱ्यांदा कालवलेला रंग कधीच जुळत नाही. कुठल्याही चादरवाल्याला विचारा, दुसऱ्या लॉटचं सूत कसं उघडं पडतं ते.

मग ओळी. प्रत्येक चित्राखाली एक, दहा शब्दांच्या आत, आणि त्यात भावना नको. 'आम्ही दुःखाने गाव सोडलं' असं लिहिलंत की चित्र मेलं. 'मागाच्या खड्ड्यात झोपलो. तिथं गार होतं.' बास.

सहावी पायरी: माहीत नाही ते कोरं सोडा

प्रत्येक घराच्या गोष्टीत खड्डे असतात. आमच्या आजीचा एकही फोटो नाही आणि ती कशी दिसायची यावर आत्या आणि वडिलांचं एकमत नाही. मोह होतो की आत्याचाच चेहरा जरा तरुण करून बसवावा. नका करू.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांची आई ते तान्हे असतानाच गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, फोटोही नव्हता. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना, मदर तेरेसांच्या निळ्या काठाच्या साडीतल्या आकृतीलासुद्धा, चेहरा नाही. तिथं ती कोरी जागा खरी आहे. अलीकडं मात्र सरसकट सगळ्यांचे चेहरे पुसायची फॅशन आली आहे आणि तिला काही अर्थ नाही. जो चेहरा माहीत आहे तो काढा, नाही तो सोडा.

माणूस काढायचाच नसेल तर अलिगढच्या चित्रकार झरीना यांची वाट धरा. कुटुंब पाकिस्तानात, स्वतः देशोदेशी. 1999 मध्ये त्यांनी घर या विषयावर 36 लाकडी ठसे केले. प्रत्येकाखाली एक उर्दू शब्द, घर, उंबरठा असे, आणि वर चार-दोन काळ्या रेघा. तुमच्या घरच्या भाषेतले बारा शब्द निवडून अशी माळ करता येते. ज्यांच्या घरात दोन भाषा आहेत त्यांना मी हीच सुचवतो.

सातवी पायरी: घरच्यांना आधी दाखवा

बाहेर दाखवायच्या आधी. आमच्या माळेतलं एक चित्र कर्जाचं होतं. चुलते म्हणाले, "ते नको, त्यांची नातवंडं अजून गल्लीत राहतात." काढून टाकलं. चांगलं चित्र होतं, वाईट वाटलं, पण ती गोष्ट माझ्या एकट्याची नव्हती.

आठवी पायरी: टांगा, आणि हातात पेन्सिल ठेवा

हॉल वगैरे शोधू नका. घरातच भिंतीवर सुतळी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा, आणि नातेवाईक आपणहून जमतात तो दिवस धरा. आमच्याकडं तो नारळी पौर्णिमेचा, मार्कंडेयाचा रथ असतो तेव्हाचा. खाली एक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा आणि सांगा, चुकलं असेल तिथं लिहा. काचेच्या चौकटीतल्या चित्रावर कुणी लिहीत नाही, म्हणून चौकट नको.

आत्या एकेक चित्र बघत आली. चौथ्यापाशी थांबली. तिथं मी मोठ्या हौसेने आगगाडी काढली होती, काळा धूर, खिडकीत दात पडलेली पोरगी.

"हे काय?"

"बंडी. तूच म्हणालीस ना, बंडीत बसून आलो."

ती पदर तोंडाला लावून खोकला येईपर्यंत हसली. मराठीत बंडी अंगात घालतात, हे मला कळत होतं. पण आमच्या घरात आता स्कूटरलाही बंडी म्हणतात आणि रेल्वेलाही, म्हणून मी वहीत सरळ 'गाडी' असं लिहून मोकळा झालो होतो. "रेल्वेचं तिकीट कोण काढणार होतं रे? बैलांची बंडी. नारायणपेठकडून नऊ दिवस. मागाची लाकडं खाली, वर आम्ही."

"मग बैल कुठं गेले?"

"भाड्याचे होते. परत गेले."

तिला लिहिता येत होतं, दोन यत्ता झालेल्या. पेन्सिल मात्र माझ्याच हातात दिली. आगगाडी मी खोडली नाही, खालची ओळ खोडून तिच्या शब्दांत लिहिली: 'बंडी. नऊ दिवस. बैल परत गेले.' माळ आता तेरा चित्रांची आहे. तेराव्यात दोन बैल आणि मोकळी बंडी आहे, पाठमोरी.