बिस्क अर्धवट राहिलं तर भांड्यांना लगेच पाणी लावू नका

मातीच्या भांड्यांची बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, चालू असताना वीज गेली तर आधी एवढंच करा: भट्टीचं झाकण उघडू नका. गरम भांड्यांवर गार हवा आली की तडे जातात. भट्टी आपोआप थंड होऊ द्या.

माझी वीज मे महिन्यात गेली. दुपारभर सोलापूर तापलेलं, चार वाजता वळवाचं वादळ आलं आणि सगळं बंद. भट्टीच्या मीटरवर शेवटचा आकडा पाहिला होता ४६० अंश. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली, तर एकही तडा नाही आणि पिवळसर मातीचे कप चांगले तांबूस झालेले. मला वाटलं, बिस्क झालं. कोरड्या ब्रशने धूळ झटकली आणि एकेक कप ग्लेझमध्ये (पाण्यात कालवलेला, भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) बुडवून फळीवर ठेवत गेलो. चौथा बुडवेपर्यंत पहिल्याची कड खचली होती. उचलायला गेलो तर कान सुटून हातात आला, कपाचा चिखल फळीवर राहिला.

मला रंगानं फसवलं, म्हणून हे नीट समजून घ्या. मातीतलं लोह ३०० अंशांच्या आसपासच लाल व्हायला लागतं. पण मातीच्या कणांत बांधलेलं पाणी जातं साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान. ते पूर्ण गेल्याशिवाय माती पक्की होत नाही, पाण्यात पुन्हा विरघळते. आत ठेवलेला कोन (ठरावीक तापमानाला वाकणारा छोटा सुळका) सरळ उभा दिसला तर भट्टी वरच्या तापमानाला पोहोचली नाही एवढंच कळतं; ती ३००ला थांबली की ८००ला, ते कळत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला आकडा वहीत लिहा. मी आजही लिहितो.

संक्रांतीची सुगडं करणाऱ्या एका काकांना तो कान दाखवला. ते म्हणाले, "रंग काय बघतोस? खापरी पाण्यात टाक." तेव्हापासून प्रत्येक भाजणीत त्याच मातीचे दोन-तीन तुकडे ठेवतो. तुकडा पाण्यात तासभर ठेवायचा. विरघळला, तर भांड्यांना पाण्याचा थेंबही नको. टिकला तरी लगेच ग्लेझ करू नका, कारण ६००-७०० अंशांचं भांडं पाण्यात टिकतं, पण फार ठिसूळ असतं आणि ग्लेझ अधाशासारखं पितं.

घाबरू नका, उरलेले अठरा कप माझे वाचले. अशी भांडी पुन्हा भाजता येतात. दोन्ही हातांनी तळाला धरून उचला, कानाला धरून कधीच नाही. शक्यतो हलवूच नका. पावसाळी हवेत ती ओल धरतात, म्हणून १०० अंशांच्या अलीकडे दोन-तीन तास थांबा. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तो टप्पा हळू ओलांडा, मग नेहमीसारखं १००० पर्यंत न्या.

"सरळ ग्लेझ लावून एकदाच भाज" असं सांगणारे भेटतील. नवीन माणसाला हा सल्ला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आत कार्बन राहिला तर ग्लेझखाली फोड येतात आणि ते भांडं मग दुरुस्त होत नाही.

विरघळलेल्या कपांची माती चांगल्या मातीत मिसळू नका. तिचा चिकटपणा कमी झालेला असतो. मी ती वेगळ्या डब्यात ठेवली आहे, चाचणीच्या तुकड्यांसाठी.