जातपंचायतीने वाळीत टाकलंय? नाशिकमध्ये तक्रार कशी करायची

जातीबाहेर लग्न केलं, पंचांनी मागितलेला दंड भरला नाही किंवा नवरा-बायकोचं भांडण पंचांपुढे न नेता सरळ कोर्टात नेलं म्हणून समाजाने बाहेर काढलं असेल तर हे वाचा. पंचांचं ठरलेलं उत्तर असतं, हा आमच्या धर्माचा, रीतिरिवाजाचा मामला आहे, पोलिसांचा काय संबंध, घटनेनेच हक्क दिलाय. अर्धंच खरं आहे ते. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क सांभाळून, आणि समाजसुधारणेसाठी कायदा करायची मोकळीकही त्याच कलमात सरकारला दिलीये.

एक निकाल मात्र माहीत असू द्या, समोरचा वकील तो काढणारच. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला होता आणि दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये तो रद्द केला, का तर धार्मिक कारणावरून एखाद्याला संप्रदायाबाहेर काढणं हा कलम २६ खालचा, म्हणजे संप्रदायाने आपल्या धार्मिक बाबी स्वतः सांभाळायचा हक्क धरला. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी हा प्रश्न फेरविचारासाठी नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा नवा कायदा केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. त्यामागच्या चळवळीची सुरुवात आपल्या नाशकातलीच बरं का, २०१३ मध्ये इथे जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच जीव घेतला आणि मग अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) जातपंचायत मूठमाती अभियान हाती घेतलं.

म्हणून तक्रारीत धर्म-रूढी कशी चुकीची यावर एक ओळही खर्च करू नका, त्या वादात पंच तुम्हाला सहज हरवतील. काय केलं तेवढंच लिहा. अमुक तारखेला अमुक ठिकाणी बैठक झाली, कोण कोण पंच होते, कोणी काय फर्मान काढलं, त्यानंतर मयतीला कोणी खांदा दिला नाही, समाजमंदिर नाकारलं, किराणावाल्याला माल देऊ नको म्हणून सांगितलं, जातीत परत घ्यायला किती पैसे मागितले. शेजारणीने हळदीकुंकवाला बोलावलं नाही ही केस होत नाही. तुम्हाला बोलवायचं नाही असा हुकूम पंचांनी सगळ्यांना दिला, ही होते.

पुरावा हीच खरी मेहनत आहे. पंच कागदावर काहीच देत नाहीत, दंडाची पावती तर विसराच. ग्रुपवरचे मेसेज नंबर दिसेल असे जपा, फोनवरच्या धमक्या रेकॉर्ड करा आणि मुख्य म्हणजे तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (पुरावा कुठल्या फोनमधून, कसा घेतला हे सांगणारं) लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. साक्षीदार समाजातला मिळणं अवघड, तोही वाळीत पडायला घाबरतो, मग मंडपवाला, आचारी, दुकानदार असे बाहेरचे बघा.

सामाजिक बहिष्कार हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात, त्यामुळे ठाण्यात एफआयआर झाली पाहिजे. हद्दीवरून टोलवलं तर झीरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) मागा. "समाजाचं आहे, आपसात मिटवा" असं ऐकायला मिळेलच, तेव्हा शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना आणि सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबककडे असाल तर ग्रामीण एसपींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी हलले नाहीत तर थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. वकिलाला पैसे नसतील तर सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००, बायकांना आणि एससी-एसटींना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चार्जशीटनंतर ६ महिन्यांत खटला संपवायचा असं कायदा म्हणतो, कोर्टाच्या तारखा काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. एफआयआर झाली की तेच पंच पेढे घेऊन दारात येतात. तडजोड करता येते, पण तुमची संमती आणि कोर्टाची परवानगी दोन्ही लागतात, तेव्हा त्यांनी घरी आणलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका, बहिष्कार उठवल्याचं आधी सगळ्या समाजाच्या ग्रुपवर त्यांच्याच नावाने टाकायला लावा आणि मगच वकिलासोबत कोर्टात जा.